पात्र आणि पात्रता

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हौशी मंडळे काही कमी नाहीत. गणेशोत्सवाची मंडळे आहेत, कारखान्यांतील कामगारांचे कलाविभाग आहेत, गृहसंस्थांच्या सांस्कृतिक समित्या आहेत, निरनिराळ्या समाजांची स्नेहसंमेलने आहेत. यांपैकी एखाद्याने दोन अंकी नाटक बसविण्याचे मनावर घेतले, की नाटक ठरविण्यास फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो कोणी कोणती भूमिका करावयाची हे ठरविण्यात. त्यातून निवडलेले नाटक विनोदी असेल आणि त्याचा विषयच एखादी धडपडणारी, पैशाने आणि पाठांतराने गांजलेली नाटकमंडळी असा असेल, तर पात्रनिवडीच्या सायंकाळी सभागृह भरून जाते. वाईट अभिनयच तर करून दाखवायचा आहे, मग तो कोणालाही जमेल, असा प्रत्येकाचा समज असतो. हा समज जितका सार्वत्रिक आहे, तितकाच चुकीचा आहे.

मराठीत या जातीचे सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण'. कोकणातल्या एका गावची मंडळी द्रौपदी-वस्त्रहरणाचा पौराणिक खेळ उभा करावयास निघतात आणि तालमीपासून प्रयोगापर्यंत एकही गोष्ट ठरल्याप्रमाणे पार पडत नाही, एवढेच त्याचे कथानक. गवाणकरांनी त्याला आधी दिलेले नाव होते 'आज काय नाटक होवचा नाय'. १९८० साली ते 'वस्त्रहरण' या नावाने व्यावसायिक रंगभूमीवर आले. आरंभी त्याची वाटचाल खडतरच होती, पु. ल. देशपांडे यांनी मोकळ्या मनाने केलेल्या कौतुकानंतर त्याने उचल घेतली, असे नाट्यवर्तुळात आवर्जून सांगितले जाते. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने हे मालवणी नाटक महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, लंडनपर्यंत नेले, आणि प्रयोगांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. लेखक गवाणकर २०१६ साली ठाण्याच्या ९६ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नावही 'व्हाया वस्त्रहरण' असेच आहे.

या नाटकातली माणसे हास्यास्पद असतात, पण आपण हास्यास्पद आहोत याची त्यांना सुतराम कल्पना नसते. त्यांना नाटक खरोखरच चांगले करावयाचे असते. मिशा सुटल्या, वाक्य विसरले, भलताच माणूस भलत्या वेळी रंगमंचावर आला, तरी ती नेटाने खेळ पुढे रेटीत राहतात, आणि हसू येते ते त्या नेटाला. नट जर स्वतःच डोळे मिचकावून 'पाहा, मी कसा वाईट नट झालो आहे' असे प्रेक्षकांना सुचवू लागला, तर पाच मिनिटांत सारे फिके पडते. म्हणून पात्रनिवडीला आलेल्या उमेदवारांपैकी जो वाचता वाचता स्वतःच हसतो, त्याच्या नावापुढे अनुभवी दिग्दर्शक गुपचूप फुली मारतो.

शेक्सपिअरने चारशे वर्षांपूर्वीच हा सारा प्रकार रंगमंचावर आणून ठेवला आहे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या त्याच्या सुखात्मिकेत ड्यूकच्या विवाहासाठी नाटक बसविणारी जी मंडळी आहे, तीत एकही धंदेवाईक नट नाही. क्विन्स हा सुतार, बॉटम हा विणकर, आणखी एक शिंपी, एक कल्हईवाला, एक भाते दुरुस्त करणारा आणि एक लाकडाचे सांधे जोडणारा. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधून फिटर, टर्नर आणि वेल्डर यांनी सुटी झाल्यावर एकत्र जमावे, तसेच हे. त्यांची पात्रनिवड पाहण्यासारखी आहे. बॉटमला नायकाची भूमिका मिळते, पण त्याचे समाधान होत नाही. नायिकाही मीच करतो, सिंहही मीच करतो, असा त्याचा हट्ट. भातेवाल्याच्या वाट्याला स्त्रीची भूमिका येते, तर तो दाढी येऊ लागल्याची सबब सांगतो. सिंह होणारा बिचारा आपले पाठांतर कच्चे आहे म्हणून संहिता आधी लिहून मागतो, आणि त्याला सांगितले जाते, की तुला डरकाळीखेरीज काही बोलावयाचेच नाही. हौशी मंडळाच्या कोणत्याही कार्यवाहाने हा प्रवेश वाचला, तर त्यातला प्रत्येक माणूस त्याला आपल्या सभासदयादीत सापडेल. सर्व भूमिका स्वतःलाच हव्या असणारा एक सभासद तर प्रत्येक यादीत असतोच, आणि बहुधा त्याची वर्गणीही सर्वांत आधी भरलेली असते!

अशा नाटकात प्रत्येक नटाच्या वाट्याला एकात एक अशा दोन भूमिका येतात. गावचा वाणी ही एक भूमिका, आणि त्या वाण्याने केलेला भीम ही दुसरी. वाण्याला भीम जमत नाही हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे. पण नटाला वाणी मात्र तंतोतंत जमला पाहिजे. म्हणून चाचणीच्या वेळी एकच उतारा दोनदा वाचावयास देण्याची पद्धत चांगली. प्रथम साधा संसारी माणूस म्हणून वाचावयाचा आणि मग तोच माणूस पोशाख चढवून, आवाज लावून, गदा पेलीत बोलतो आहे असे समजून वाचावयाचा. ज्याच्या दुसऱ्या वाचनात पहिला माणूस डोकावत राहतो, तो आपल्या कामाचा. ज्याला भीमाचा आवाज उत्तम लागतो पण वाणी सापडतच नाही, त्याने एखाद्या खऱ्या पौराणिक नाटकाची वाट पाहावी.

विसरण्याचीही तीच गत. रंगमंचावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दावर, ठरलेले क्षण थांबून विसरणे ही पाठांतराची वरची इयत्ता होय. नटाला आतल्या नाटकाचे बरोबर वाक्य पाठ हवे, त्याचे चुकलेले रूप पाठ हवे, आणि त्या चुकीवर पुढच्या नटाने दिलेले उत्तरही पाठ हवे. नेपथ्य कोसळावयाचे असेल, तर ते रोज एकाच दिशेला आणि एकाच वाक्यानंतर कोसळले पाहिजे. नाहीतर हशाऐवजी टाके पडावयाचे. मायकेल फ्रेन यांचे 'नॉइजेस ऑफ' हे १९८२ चे इंग्रजी नाटक या बाबतीत परीक्षा पाहणारे आहे. त्यात एका फिरत्या नाटकमंडळीच्या खेळाचा तोच अंक तीनदा येतो: एकदा रंगीत तालमीत, एकदा पडद्यामागून आणि शेवटी दौऱ्यात पार मोडकळीस आल्यावर. पडद्यामागच्या अंकात पुढे प्रयोग चालू असल्यामुळे मागच्या मंडळींना आवाज करता येत नाही, सारी भांडणे हातवाऱ्यांनीच करावी लागतात. तिथे एका नटाचा दरवाजा दोन सेकंद उशिरा उघडला, तर सहाजणांचे काम बिघडते. गोंधळ दाखविणारे नाटक हे सर्वांत शिस्तीचे नाटक असते, हे आपल्याकडील उत्साही मंडळींना तिसऱ्या आठवड्यात उमगते. ते पहिल्याच सायंकाळी उमगले, तर निम्मी गर्दी आपोआप ओसरेल.

आता प्रश्न येतो मानाचा. समाजाच्या किंवा गृहसंस्थेच्या मंडळात पात्रनिवड ही कधीही निव्वळ कलेची बाब नसते. अध्यक्षांना राजा करावे लागते, देणगीदाराच्या चिरंजीवांना सेनापती. ज्येष्ठांना मुजरा करणाऱ्या द्वारपालाची भूमिका देता येत नाही. जैन समाजाला हा विषय एका निराळ्या अंगाने परिचित आहे. पंचकल्याणक महोत्सवात सौधर्म इंद्र, इंद्राणी, कुबेर, भगवंतांचे माता-पिता हे मान बोलीने दिले जातात. तिथे ते योग्यच आहे, कारण ती भक्ती आहे आणि बोलीची रक्कम धर्मकार्यास लागते. इंद्राने हात कसा हलविला याचे परीक्षण करावयास तिथे कोणी बसलेला नसतो. विनोदी नाटकाचा प्रेक्षक मात्र तिकीट काढून बसतो. त्याला देणगीची पावती दाखवून हसविता येत नाही.

मानाप्रमाणे भूमिका वाटणाऱ्या मंडळांचा एक डाव मात्र चतुर आहे. नाटकातल्या नाटकमंडळीचा मालक, सरपंच, व्यवस्थापक अशी वजनदार भूमिका अध्यक्षांना द्यावयाची आणि त्यांच्या अंगचा अधिकार रंगमंचावर तसाच वापरून घ्यावयाचा. अध्यक्षांना हुकूम सोडण्याची सवय असते, आणि ते हुकूम कोणी ऐकत नाही यातच तर विनोद असतो. पण त्यासाठी अध्यक्षांना स्वतःचे हसे झालेले चालले पाहिजे. चाचणीत हेच पाहावयाचे असते, आणि हेच विचारण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

हसणे आणि हसे होणे यांतले अंतर फार थोडे आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकातही एक हौशी मंडळीच आहे. अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करावयास ती एका गावी येते. एक सभासद आलेला नसतो, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या भोळ्या गृहस्थाला ऐन वेळी साक्षीदाराच्या कामासाठी उभे केले जाते, आणि त्याला खेळ समजावा म्हणून लुटुपुटुचा खटला मांडला जातो. आरंभी प्रेक्षक खो-खो हसतो. मग ती मंडळी आपल्यातल्याच एका स्त्रीला आरोपी करते, आणि तो खेळ पाहता पाहता तिच्या आयुष्याची चिरफाड होऊन बसतो. 'वस्त्रहरण' आणि 'शांतता!' या दोन्ही नाटकांत धडपडणारी नाटकमंडळीच आहे. एकीत सारे मिळून फजीत होतात, दुसरीत सारे मिळून एकीला फजीत करतात. पात्रनिवडीच्या टेबलामागे बसणाऱ्यांनी ही दोन नाटके पाठोपाठ वाचावीत.

कारण या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात टेल्को आली, बजाज आली. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने वसाहती आखल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि मग चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. त्या त्या टप्प्यावर खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आणि पुढे उत्तर भारतातूनही माणसे येत राहिली. एका सभागृहात पाच तऱ्हांची मराठी ऐकू येते. विनोदी नाटकाच्या चाचणीला एखादा अहिराणी वळणाने बोलणारा तरुण उभा राहिला, की पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून हशा येतो. दिग्दर्शकाला वाटते, आयता विनोदी नट मिळाला. तो तरुणही खूष होतो, कारण त्याला वाटते आपले काम आवडले. आवडलेले असते ते काम नव्हे, त्याचे गाव.

'वस्त्रहरण'मध्येही बोलीला हसू येतेच, असे कोणी म्हणेल. पण तिथे लिहिणारा कोकणातला होता, तात्या सरपंचही त्याच मातीतला होता, आणि नाटकातले सारे गावच मालवणीत बोलत होते. ती बोली कोणा एकाच्या अंगावर टाकलेली नव्हती. सहा नट प्रमाण मराठीत बोलतात आणि सातवा एकटाच वऱ्हाडीत अडखळतो, अशी मांडणी ज्या क्षणी होते, त्या क्षणी तालमीची जागा बदललेली असते. त्या तरुणाला भूमिका जरूर द्यावी. पण आधी त्याच्याकडून दुसरा एखादा उतारा वाचून घ्यावा, रागाचा किंवा दुःखाचा. तो उतारा ऐकताना सभागृह शांत झाले, तर तो नट आहे; मग त्याने विनोद करावा, हवा तेवढा करावा, स्वतःच्या बोलीत करावा.

नकाराचे काय, हेही या ओघात पाहिले पाहिजे. व्यावसायिक चाचणीत नाकारलेला उमेदवार पुन्हा भेटण्याचा फारसा संभव नसतो. हौशी मंडळात तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणताना भेटतो. म्हणून आपल्याकडे नकार दिलाच जात नाही. 'पाहू', 'कळवू' असे म्हटले जाते, आणि पंधरा दिवसांनी त्याला दुसऱ्याच कोणाकडून समजते. यापेक्षा त्याच सायंकाळी सांगून टाकलेले बरे. शिवाय नाटकाला प्रकाश लागतो, ध्वनी लागतो, रंगभूषेला हात लागतात, परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचे प्रमाणपत्र आणावे लागते, लेखकाची परवानगी काढावी लागते, आणि विंगेत संहिता घेऊन बसणारा एक खंबीर माणूस लागतो. ज्या नाटकात नट मुद्दाम विसरतात, तिथे खरे विसरणे कोणते आणि लिहिलेले कोणते हे एका क्षणात ओळखणारा प्रॉम्प्टर मिळणे नायक मिळण्याहून कठीण आहे. हे काम उरल्यासुरल्याला देण्याची प्रथा मोडली पाहिजे.

स्त्रीभूमिकांची अडचण जुनीच. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, ते स्त्रीभूमिकांसाठी; त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे स्त्रिया रंगभूमीवर आल्या, तरी हौशी मंडळांची ओढाताण संपली नाही. बाहेरून अभिनेत्री आणावयाची तर तिची प्रत्येक प्रयोगाची 'नाईट' द्यावी लागते. मंडळातल्याच भगिनींना घ्यावयाचे तर तालीम रात्री किती वाजता सुटणार, मोशीला किंवा तळेगावला परत सोडावयास कोण येणार, येथून बोलण्यास सुरुवात होते. कित्येक मंडळे स्त्रियांची चाचणी घेतच नाहीत; येईल तिला भूमिका, असा प्रकार. यात स्त्रियांचा सन्मान नाही आणि नाटकाचेही भले नाही. परतीच्या वाहनाची व्यवस्था आधी जाहीर केली, तर चाचणीला चारऐवजी दहाजणी येतात आणि मग खरोखरच निवड करता येते.

यानंतर उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत बिकट आहे. कर्ज मंजूर करताना बँकेत जे पाहिले जाते, तेच हौशी दिग्दर्शकही पाहतो. बोलणे किती गोड आहे यापेक्षा हप्ता दर महिन्याला येणार की नाही, हे महत्त्वाचे. तिसाव्या तालमीला जो हजर राहील तो खरा नट, असे जुने लोक म्हणत, आणि ते खोटे नव्हते. या पट्ट्यातली कामगार रंगभूमी ज्या माणसांनी उभी केली, त्यांच्या मागे कायम नोकरी होती. पाळी होती, पण ती ठरलेली होती. सहकाऱ्याशी पाळी बदलून घेता येत होती. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी सुरू झाला; जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचा छोटा वाटा, त्याच्या तिप्पट मालकाचा आणि त्यात शासनाची भर, अशा पैशांतून कामगार कल्याण केंद्रे आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा चालत आल्या. टाटा मोटर्सच्या 'कलासागर'सारखी कारखान्यातली कलामंडळे निघाली. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर उभे राहिले. २०२४ च्या जानेवारीत शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन, डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली, याच शहरात भरले. ते या शहराच्या वाट्याला आले, यामागे कामावरून सुटल्यावर तालमीला धावणाऱ्या त्या पिढीचाही हात आहे.

आजचा उमेदवार त्या पिढीचा नाही. चाकणच्या जुळणी विभागात अकरा महिन्यांच्या करारावर किंवा शिकाऊ म्हणून काम करणारा तरुण चाचणीला येतो, उत्तम वाचतो, सांगितलेला बदल पहिल्याच झटक्यात करून दाखवितो. मग त्याला विचारले जाते, 'सहा आठवडे रोज येता येईल का?' तो गप्प होतो. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे की पहिली, हे त्याला शनिवारी कळणार असते. सहा आठवड्यांनी आपण याच गावात असू की नाही, हे कंत्राटदाराला ठाऊक. पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी, शाळा आणि बँकांची रविवारी. म्हणजे मंडळातल्या निम्म्यांना सवड असते तेव्हा उरलेले निम्मे कामावर असतात. अशा वेळी दिग्दर्शक सुस्कारा टाकतो आणि त्याच्याहून सामान्य वाचणाऱ्या, पण सायंकाळी हमखास मोकळ्या असणाऱ्या गृहस्थांचे नाव लिहितो. यादी पुरी होते तेव्हा तीत निवृत्त, व्यापारी आणि कायम नोकरीवाले असतात. ज्यांच्या घामावर हा पट्टा उभा आहे, त्यांपैकी एकही नसतो.

ज्याच्याजवळ तारण नाही तो बुडविणाराच असतो, असे बँकेतही कोणी जाणता अधिकारी मानीत नाही. तारण नसलेल्याला कर्ज देण्याच्या वेगळ्या रीती निघाल्या: दोघांनी मिळून जामीन राहावयाचे, हप्ता लहान करावयाचा. नाट्यमंडळालाही तशा रीती काढता येतात आणि धडपडणाऱ्या मंडळीच्या नाटकाला तर त्या शोभूनही दिसतात. एका भूमिकेला दोन नट घ्यावेत; दोघांनी एकाच संहितेत खुणा कराव्यात, तालमीला जो मोकळा तो उभा राहील. प्रवेशांची वाटणी पाळ्यांप्रमाणे करावी. गुरुवारी कारखान्यातल्यांचे प्रवेश, रविवारी इतरांचे, आणि सर्वांची एकत्र तालीम पंधरवड्यातून एकदा, तीही चाकण आणि पिंपरी यांच्या मध्ये, मोशी-भोसरीच्या बाजूला. घरी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांतील मंडळी सात वाजता सर्वांत आधी पोहोचतात; त्यांचे प्रवेश प्रथम घ्यावेत, दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी मोठी तालीम गुरुवारीच ठेवावी. प्रयोगाच्या दिवशी एका भूमिकेचे दोघेही आले, तर एकाने पहिला प्रयोग करावा आणि दुसऱ्याने पुढचा. कोणीच आले नाही तर काय, ही धास्ती राहतेच. पण ती 'वस्त्रहरण'मधल्या मंडळींनाही होतीच, आणि नाटकाचे पहिले नावही त्याच धास्तीचे होते.

अडचण येते ती ज्येष्ठ नटांची. आपली भूमिका दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेणे हा त्यांना अपमान वाटतो. त्यातून तो दुसरा जर विशीतला कंत्राटी कामगार असेल, तर अधिकच. अशा ज्येष्ठांना चाचणीच्या वेळीच हा प्रश्न विचारून ठेवावा. ज्यांना तो रुचणार नाही, त्यांच्यासाठी एकपात्री प्रयोगाचा मार्ग मोकळा आहे.

निवड झाल्यावर यादी सूचनाफलकावर लागते. तिच्यात पूर्वी भूमिका आणि नट असे दोन रकाने असत. आता चार आखावे लागतील: भूमिका, पहिला नट, दुसरा नट, आणि या आठवड्याची पाळी. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरावा. दर शनिवारी रात्री तो खोडून पुन्हा लिहावा लागणार आहे.